ट्रॉम्बोन आणि वरातीचा रस्ता

ट्रॉम्बोनवर सुरांच्या जागा आखलेल्या नसतात. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह असतात, क्लॅरनेटला भोके आणि चाव्या असतात. ट्रॉम्बोनला एकात एक बसणाऱ्या नळ्या आणि वादकाचा उजवा हात, एवढेच. बाहेरची नळी, म्हणजे स्लाइड, पुढे सरकवली की आतल्या हवेचा स्तंभ लांबतो आणि सूर उतरतो. नेहमीच्या टेनर ट्रॉम्बोनची नळी स्लाइड मिटलेली असताना सुमारे पावणेतीन मीटर भरते. स्लाइडच्या सात जागा मानतात आणि प्रत्येक जागा आधीच्या जागेपेक्षा अर्ध्या स्वराने खाली असते. पहिल्या जागेवर स्लाइड पूर्ण मिटलेली असते, तिसरी आणि चौथी कर्ण्याच्या कडेच्या अल्याड-पल्याड येतात, सातवीला हात खांद्यापासून ताठ होतो. या जागांवर खूण नसते. तंतुवाद्यांत सतारीला पडदे असतात, सारंगीला नसतात. पितळी वाद्यांतली सारंगी म्हणजे ट्रॉम्बोन. हात अंदाजाने पोहोचतो आणि नेमका सूर कान ठरवतो.

या वाद्याचा मूळ सूर बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी पाच. स्लाइड न हलवता नुसता ओठांचा ताण वाढवत नेला की सा, पंचम, वरचा सा, गांधार, पुन्हा पंचम, कोमल निषाद आणि त्याहून वरचा सा असे सूर ओळीने निघतात. यातला गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधाराच्याच कुळातला आहे. कीबोर्डवरच्या गांधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो, आणि कोमल निषाद तर त्याहूनही जास्त उतरलेला. नुसत्या पितळी वाद्यांच्या मेळात हा गांधार इतका गोड मिसळतो की तीन वाद्यांतून चौथे वाद्य बोलल्याचा भास होतो. साथीला कीबोर्ड असला की मात्र जाणता वादक तोच गांधार ओठांनी चढवतो किंवा चौथ्या जागेवर घेतो, आणि निषादासाठी तिसऱ्या जागेवर जातो. ही निवड गाणे चालू असताना क्षणात करावी लागते. ट्रॉम्बोनवादकाच्या कामातला कष्ट आणि आनंद दोन्ही या शोधात आहेत. त्याला सूर तयार मिळत नाही, दरवेळी इतरांचे ऐकून तो जुळवावा लागतो.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या पट्ट्यात हे ऐकणे बहुतेक वेळा चालत्या रस्त्यावर घडते. लग्नाची वरात, आगरी घरची हळद, कोळीवाड्यातले लग्न, गणपतीची मिरवणूक, चौदा एप्रिलची आंबेडकर जयंती, चर्चचे सण आणि अधूनमधून मुंबईतला रंगमंच, अशा कामांतून इथल्या वादकाचे वर्ष उभे राहते.

वाद्य इथवर कसे पोहोचले

पितळी वाद्ये या भागात तीन वाटांनी आली. पहिली वाट लष्कराची. ब्रिटिश पलटणींचे आणि संस्थानांचे बँड ऐकून शहरांत खासगी बँड उभे राहिले आणि लग्नाच्या मिरवणुकीत सनई-चौघड्याच्या शेजारी ट्रम्पेट, युफोनियम आणि मोठा ड्रम आला. महाराष्ट्रात या बँडांमध्ये हलगी आणि सनईची पिढीजात विद्या असलेल्या मातंग समाजातले अनेक वादक सामावले. ताल आणि श्वास त्यांच्या घरातच होता, वाद्य तेवढे नवे होते. पुढे ही वाद्ये देशातच बनू लागली. उत्तर प्रदेशातल्या मेरठची जली कोठी ही वस्ती आजही बँडच्या वाद्यांसाठी देशभर ओळखली जाते, आणि इथल्या बँडच्या दुकानात टांगलेली बरीचशी वाद्ये तिथलीच असतात.

दुसरी वाट चर्चची. गोव्यातल्या पोर्तुगीजकालीन चर्चशाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. तिथून निघालेले वादक मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, उतरत आणि हॉटेलांत, नाचाच्या वाद्यवृंदांत काम मिळवत. ठाणे आणि वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांतही लग्न आणि सण बँडशिवाय होत नसत.

तिसरी वाट चित्रपटाची. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांच्या साथीदारांना संगीतात आणि पडद्यावरही आणले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या संयोजकांनी पितळी वाद्यांसाठी कागदावर स्वतंत्र ओळी लिहिल्या. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल हे तर ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव. रस्त्यावरचा बँड चित्रपटाची गाणी वाजवत होता आणि चित्रपट बँडमधल्या वाद्यांना काम देत होता. हा देवाणघेवाणीचा काळ सिंथेसायझर स्थिरावेपर्यंत टिकला. त्यानंतर ध्वनिमुद्रणातले मोठे पितळी ताफे ओसरले आणि पुष्कळ वादकांची भिस्त पुन्हा रस्त्यावर आली.

या सगळ्यात ठाणे-कल्याणला रेल्वेने जोडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे उपनगरी गाड्या वाढल्यावर वादकाला कल्याणात राहून ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत काम करणे शक्य झाले. आजही ट्रॉम्बोनची लांब पेटी घेतलेला माणूस लोकलच्या लगेजच्या डब्यात, भाजीच्या पाट्या आणि माशांच्या टोपल्यांच्या शेजारी उभा दिसतो. गर्दीच्या वेळी त्या पेटीला दुसऱ्या कुठल्या डब्यात जागा मिळत नाही.

वर्षाचे चक्र

बँडवाल्याचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. पौष मंदा जातो, माघापासून पुन्हा वेग येतो आणि वैशाखात एका दिवशी दोन-तीन ‘सुपाऱ्या’ लागतात. सुपारी म्हणजे कामाचे ठरलेले बोलणे, आणि ते पक्के होते बयाण्याने. मालक हंगामाआधी बाहेरगावच्या वादकांना उचल देतो. ते चार-पाच महिने बँडच्या दुकानातच राहतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात आणि उचल फिटली की गावाकडे शेतीच्या कामाला परततात. स्थानिक वादकांना बहुधा कामागणिक पैसे मिळतात. संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००५ साली प्रकाशित झालेल्या ‘ब्रास बाजा’ या ग्रंथात देशभरच्या लग्नाच्या बँडांची ही उचलीची आणि हंगामाची रचना तपशिलाने मांडली आहे.

चातुर्मासात लग्ने थांबतात, पण या पट्ट्यात हात रिकामा राहत नाही. नारळी पौर्णिमेला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्त्यांत मिरवणूक निघते, गोकुळाष्टमीला जांभळी नाका गर्दीने भरतो, भाद्रपदात गणपती येतात आणि आश्विनात टेंभी नाक्याची देवी बसते. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड आणि ठाण्याची तलावपाळी तरुणांनी फुलून जाते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९० च्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीच्या गणेश मंदिरापासून सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. या प्रत्येक दिवसासाठी वादकाकडे वेगळे गाणे, वेगळा ठेका आणि चालण्याचा वेगळा वेग लागतो. फक्त पितृपक्षात दुकानाचा दिवा लवकर मालवतो. वाद्ये उघडून धुण्याचा आणि पोचे काढून घेण्याचा तो काळ.

वरातीतले काम

वरातीचे काम दुपारीच सुरू होते. वादक दुकानात जमतात, गणवेश चढवतात, तुऱ्याची टोपी घालतात आणि टेम्पोत बसतात. जागेवर पोहोचल्यावर ट्रॉम्बोनवादक आधी एक कोपरा शोधतो आणि पाच मिनिटे लांब सूर लावतो. गायकाला खर्जाची मेहनत जे देते तेच या लांब सुरांनी ओठांना मिळते. नवशिके हे टाळतात आणि तासाभरात त्यांचे ओठ बसतात.

बँडच्या रांगेत ट्रॉम्बोन पुढे असावा लागतो, कारण सातव्या जागेला स्लाइड वादकाच्या पुढे हातभर जाते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जुन्या काळी बँड घोडागाडीवर बसून गावातून फिरत, तेव्हा ट्रॉम्बोनवादकाला गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर बसवत. त्यावरूनच त्याच्या घसरत्या वादनशैलीला ‘टेलगेट’ हे नाव पडले. कल्याणच्या अरुंद गल्लीत अशी फळी नसते. नाचणारी मुले अंगावर येतात, घोडा बुजतो, फटाक्याची माळ पायाशी फुटते आणि तशात स्लाइड सांभाळावी लागते. तिला बारीकसा पोचा पडला तरी आतली नळी अडते आणि सूर तुटतो. गुलाल हा तिचा दुसरा शत्रू. तो ओल्या नळीवर बसला की स्लाइड वाळूत रुतल्यासारखी होते. म्हणून अनुभवी वादकाच्या खिशात पाण्याची फवारणीची बाटली आणि मऊ कापड कायम असते.

लग्नाच्या लहान बँडमध्ये ट्रॉम्बोन असतोच असे नाही. चाल बहुधा क्लॅरनेट आणि ट्रम्पेट उचलतात, युफोनियम ती खालच्या सप्तकात भरतो. ट्रॉम्बोन असला की त्याच्याकडे तीन कामे येतात: ओळ संपल्यावरची रिकामी जागा भरणे, ठेक्याच्या मधल्या मात्रांवर छोटे ठोसे देणे आणि जिथे गायकाने मींड घेतली असेल तिथे ती खरी घेणे. व्हॉल्व्हच्या वाद्यावर मींड ओठांनी आणि अर्ध्या दाबलेल्या व्हॉल्व्हने साधावी लागते, ट्रॉम्बोनवर ती अखंड येते. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन वरातीत आजही मागतात. दातांत रुमाल धरलेला मुलगा रस्त्यावर गुडघे टेकतो, समोर ट्रॉम्बोनवादक वाकतो, आणि दोघांपैकी कोण कोणाला नाचवतो हे सांगता येत नाही. कोळीगीताचा सहा मात्रांचा झुलता ठेका, लेझमीची सरळ चाल आणि सिंधी-पंजाबी वरातीचा आठ मात्रांचा उसळता ठेका हे तिन्ही एका संध्याकाळी वाजवायची वेळ या भागातच येते, कारण कोळीवाडा, आगरी गावे आणि १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून घडलेले उल्हासनगर काही मैलांच्या आत आहेत.

वरातीत गाण्याची लांबी कागदावर ठरत नाही. मामा नाचत असेल तर कडवे पुन्हा येते, आजी पुढे आली तर लय उतरते, कुणी नोट ओवाळली तर बँडमास्तर त्याच्या पसंतीचे गाणे धरतो. मास्तर हाताची खूण करतो किंवा नुसती भुवई उंचावतो आणि पंधरा माणसे एका मात्रेत वळतात. लोकांच्या पायांवर नजर ठेवून वाजवण्याची ही कला वर्गात मिळत नाही. ती शिकलेला वादक पुढे कुठल्याही रंगमंचावर अडत नाही.

मानाच्या बाबतीत मात्र हा रस्ता उदार नाही. जेवणाच्या पंगतीत बँडवाल्यांना शेवटी बसवतात, बक्षिसी रस्त्यावर उधळतात आणि ठरलेले पैसे देताना घासाघीस करतात. हीच माणसे काही वेळापूर्वी त्याच सुरांवर बेभान झालेली असतात, म्हणून ही वागणूक जास्त लागते. जुन्या वादकांनी त्यावर कामातूनच उत्तर शोधले: वाद्य लख्ख ठेवायचे, वेळेवर उभे राहायचे आणि शेवटचे गाणेही पहिल्यासारखे वाजवायचे.

फंक आणि सम

रस्त्यावरून रंगमंचावर गेलेल्या वादकाला फंक भेटते. फंक हे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीतकारांनी घडवलेले नृत्यसंगीत. जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदाने त्याचा पाया घातला. १९६५ चे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि १९६७ चे ‘कोल्ड स्वेट’ हे त्यातले महत्त्वाचे टप्पे. पुढे ट्रॉम्बोनवादक फ्रेड वेस्ली त्याच वाद्यवृंदाचे संयोजक झाले आणि ट्रॉम्बोन फंकच्या मध्यभागी आला. ब्राउन यांचा आग्रह एकाच गोष्टीचा होता: चार मात्रांच्या आवर्तनातली पहिली मात्रा सर्वांनी मिळून गाठायची. आपल्याकडे समेची जाण असलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पण फरकही आहे. ख्यालात सम दुरून येते आणि तिची वाट पाहण्यात रंग भरतो. फंकमध्ये ती दर दोन-तीन सेकंदांनी येते, आणि रंग भरतो तो दोन समांच्या मधल्या मोकळ्या जागेत. गिटार, बास, ड्रम आणि पितळी वाद्ये त्या जागेचे बारीक तुकडे वाटून घेतात. कुणीही पूर्ण ओळ वाजवत नाही. सगळ्यांची मिळून ओळ होते.

ट्रॉम्बोनवादकाला यात सर्वांत अवघड जाते ते गप्प राहणे. वरातीत तो सलग वाजवतो. फंकमध्ये सात मात्रा थांबून आठवीच्या अर्ध्यावर एक सूर द्यायचा, तोही ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनबरोबर एकाच श्वासात सुरू करून एकाच क्षणी तोडायचा असतो. सूर कापताना जीभ, पोट आणि हात एकत्र थांबले नाहीत तर मागे शेपटी राहते. हे तीन माणसांचे तोडणे जुळले की समोरचे प्रेक्षक न सांगता मान हलवतात. वादकाला तो क्षण छातीत कळतो, कारण शेजारच्या ट्रम्पेटचा कंप त्याच्या बरगड्यांपर्यंत पोहोचलेला असतो. ध्वनिमुद्रणात एकेक वाद्य वेगळे मुद्रित करता येते; हा कंप मात्र शेजारी उभे राहिल्यावरच मिळतो. प्रत्यक्ष वाजवण्याची ओढ लागते ती त्याच्यासाठी.

इथल्या वादकाला हे संगीत परके वाटत नाही, कारण हिंदी चित्रपटाने ते केव्हाच घरात आणले होते. कल्याणजी-आनंदजींच्या १९७८ च्या ‘डॉन’मधले ‘ये मेरा दिल’ पितळी ठोशांवर उभे आहे; त्याचेच तुकडे घेऊन २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाने आपले गाणे बांधले. अशी उलट दिशेची वाहतूक आणखीही झाली. ढोलवादक सनी जैन यांनी २००८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्थापलेल्या ‘रेड बारात’ने ढोल, ट्रॉम्बोन आणि सूसाफोन एकत्र आणून वरातीचा आवाज रंगमंचावर नेला. न्यू ऑर्लिन्समध्ये १९७७ च्या सुमारास ‘डर्टी डझन ब्रास बँड’ने आणि १९८३ मध्ये ‘रीबर्थ ब्रास बँड’ने रस्त्यावरच्या मिरवणुकीत फंक मिसळले. तिथे बँडच्या मागे रुमाल हलवत नाचणाऱ्या लोकांना ‘सेकंड लाइन’ म्हणतात. त्या शहरात अंत्ययात्रेलाही बँड असतो, कल्याणात लग्नाला असतो. प्रसंग वेगळे, पण लोकांनी वाद्यांसोबत चालावे ही रीत एकच.

मुंबईत १९७८ पासून भरलेल्या ‘जॅझ यात्रा’ने आणि २००७ ते २०१६ या काळात लोअर परळला चाललेल्या ‘ब्लू फ्रॉग’ने पितळी वाद्यांच्या अशा मेळांना उभे राहायला जागा दिली. ठाणे-डोंबिवलीच्या वादकाला अशा मेळांत वाजवण्यासाठी संध्याकाळच्या गर्दीच्या उलट दिशेने मुंबईला जावे लागते आणि मध्यरात्रीच्या शेवटच्या लोकलवर डोळा ठेवून वाजवावे लागते. गाडी चुकली तर फलाटावर बसून पहाट होते. तरीही पुढच्या आठवड्यात तो पुन्हा पेटी उचलतो.

शरीर, सराव आणि कायदा

ट्रॉम्बोन ओठांवर वाजतो. माउथपीसमध्ये ओठ थरथरतात, त्या थरथरीलाच नळी आकार देते. म्हणून दात आणि ओठ हे वादकाचे भांडवल. पुढचा दात हलला की वरचे सूर आधी जातात. श्वास पोटातून घ्यावा लागतो, आणि चालता चालता वाजवताना पावलाचा हादरा माउथपीसपर्यंत पोहोचू नये म्हणून गुडघे किंचित सैल ठेवावे लागतात. डाव्या हातावर दीड किलोच्या आसपासचे वजन तासन्‌तास राहते. मान आणि खांदा त्याचा हिशोब नंतर मागतात. कानांचा प्रश्न त्याहून गंभीर. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांपर्यंत काम करावे आणि दर तीन डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा करावा, असा आरोग्यतज्ज्ञांचा मापदंड आहे. ट्रम्पेट आणि ड्रमच्या मध्ये उभा असलेला वादक ही मर्यादा पहिल्याच तासात ओलांडतो. कापसाचे बोळे पुरत नाहीत, योग्य इअरप्लग वापरण्याची सवय तरुणपणीच लागायला हवी.

सरावाला जागा मिळणे हा इथल्या इमारतींतला रोजचा पेच आहे. भिंतीला भिंत लागून घरे असल्याने कर्ण्यात म्यूट, म्हणजे आवाज दबवणारे बूच, घालून वाजवावे लागते, पण सतत म्यूट लावून वाजवणाऱ्याची फुंक कोंडते. म्हणून सकाळी लवकर उल्हास नदीकाठी गांधारीच्या बाजूला, डोंबिवलीच्या रेतीबंदरावर किंवा ठाण्यात उपवनच्या तलावाकाठी मोकळ्यावर सूर लावणे बरे पडते. पाण्यावरून परतणारा आवाज ऐकताना आपला सूर कुठे बोथट आहे ते स्वच्छ कळते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतताक्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. काही सणांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. दहाचा नियम वादकाच्या शरीराला उपकारकच आहे. बँडला खरी अडचण होते ती ध्वनिवर्धकाची. बेंजो पार्टीची ट्रॉली किंवा डीजेची भिंत शेजारी आली की फुंकेचा आवाज हरतो आणि त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्याचे ओठ फाटतात. अशा वेळी चांगला मास्तर बँड थांबवतो आणि ट्रॉली पुढे गेल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून धरतो.

विद्या पुढे कशी जाते

ट्रॉम्बोन शिकण्याच्या जागा मोजक्या आहेत. चर्चचे वाद्यवृंद, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक आणि बँडचे दुकान, या तिन्हींकडे विद्येचा वेगळा भाग आहे. पगारी नोकरी हवी असेल तर पोलीस आणि सैन्यदलांचे बँड आहेत. लष्करी संगीताचे शिक्षण मध्य प्रदेशातल्या पचमढीला होते. मुंबई पोलीस बँडच्या ‘खाकी स्टुडिओ’तल्या ध्वनिचित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या, तेव्हा बँडमधल्या वादकांकडे लोक कौतुकाने पाहू लागले.

स्वरलेखन वाचणारा मुलगा रस्त्यावर उतरला आणि रस्त्यावरचा मुलगा स्वरलेखन शिकला, तर दोघेही उत्तम ट्रॉम्बोनवादक होतात. पहिल्याला लोकांचे पाय वाचता येतात आणि दुसऱ्याला अनोळखी वाद्यवृंदात लगेच बसता येते. दुकानातले शिक्षण साधे असते. जुना वादक आपले दुसरे वाद्य मुलाच्या हाती देतो, पहिले काही महिने फक्त पहिल्या जागेवरचे लांब सूर लावून घेतो, मग त्याला वरातीत आपल्या उजव्या बाजूला उभे करतो. मुलाने काय वाजवायचे हे तो सांगत नाही. आधी ऐक, सूर सापडला की वाज, आणि सापडला नाही तर ती ओळ सोडून दे, एवढेच बजावतो. ओळी सोडत सोडत मुलगा एका संध्याकाळी पूर्ण गाणे वाजवून जातो, आणि त्या रात्रीपासून हजेरीच्या वहीत त्याचे नाव वादक म्हणून लिहिले जाते.